नोंद नसलेला ठोका

ज्या माशाला कोणी खात नाही त्याला कातळवेळेत नाव नसतं. हे मला तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. जाळ्यातून ओतलेला प्रत्येक जीव तिथल्या बायका बोट दाखवून ओळखत, त्याचं कालवण करायचं की तो सुकवायचा हेही एका दमात सांगत. ढिगाच्या तळाशी मात्र वीत-दीड वीत लांबीचे काही काळे शार्क पडलेले असत. त्यांच्यापाशी आल्या की बायका नुसतं "ता काय नाय" म्हणून पुढे सरकत. लहान शार्कला इकडे मोरी म्हणतात, आणि मोरीचं कालवण बाळंतिणीला दूध यावं म्हणून आवर्जून देतात. पण ह्या खोल पाण्यातल्या मोरीच्या पोटात अर्ध्याहून जास्त यकृतच असतं. त्याच्या तेलाने भांडं आठवडाभर वास मारतं, म्हणून तिला औषधालाही कोणी शिजवत नव्हतं.

मी ऋजुता हुक्केरी, गडहिंग्लजची. जन्मात मासा खाल्लेला नाही. "मासो खायत नाय ती माशांची डाक्टर" अशी माझी ओळख लिलावाच्या ओट्यावर करून दिली जायची आणि त्यावर सगळे पोट धरून हसायचे. मी त्या बिननावाच्या जिवाला अंधारमोरी म्हणायला लागले. पुढे त्याच नावावर माझी डॉक्टरेट झाली, आणि त्याच नावाने माझी झोप गेली.

शार्कच्या नाकाडावर बारीक छिद्रं असतात आणि त्यांत जेलीसारखा घट्ट द्राव भरलेला असतो. प्रत्येक जिवंत हृदय ठोका देताना किंचित वीज पाण्यात सोडतं. ती वीज ही जेली पकडते. वाळूत पुरून बसलेला खेकडा शार्कला दिसत नाही, पण कळतो. अंधारमोरीची जेली ह्या कामात सगळ्यांच्या वरचढ निघाली. आम्ही तशी जेली प्रयोगशाळेत बनवली, तिच्या डब्या केल्या, केबली केल्या, आणि समुद्रातल्या हृदयांचे ठोके माणसाला पहिल्यांदा ऐकू यायला लागले.

त्यातून बचावाची योजना निघाली. अंगठ्याच्या ठशासारखा प्रत्येक माणसाच्या हृदयाच्या ठोक्याचा आकारही वेगळा असतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक खलाशाने शिबिरात यायचं, छातीला पट्टा बांधून दोन मिनिटं स्वस्थ बसायचं, की त्याचा ठोका नोंदला गेला. पुढे कधी बोट उलटली तर ड्रोन तीनशे डब्या पाण्यात टाकणार. डब्या ऐकणार, नोंदीशी ताडून बघणार, आणि कोण कुठे तरंगतोय ते बचावबोटीला सांगणार. ठोका मिळाला की घरच्यांच्या फोनवर आपोआप निरोप जाणार.

अडचण एकच होती. समुद्रात ठोक्यांचा नुसता बाजार भरलेला असतो: मासे, दहा पायांची माकुळं, कासवं, डॉल्फिन. म्हणून संगणकाला एक गाळणी लावावी लागली. नोंदीतला ठोका तेवढा ठेवायचा, बाकीचं सगळं कचऱ्यात टाकायचं. ती गाळणी मी लिहिली होती. त्या वर्षी मला तिच्याबद्दल शाल आणि श्रीफळ मिळालं.

ऑक्टोबर २०४१च्या वादळात कातळवेळेची 'जलराणी' ही बोट किनाऱ्यापासून साठ मैलांवर उलटली. समुद्राचा तळ जिथे एकदम खाली उतरतो, नेमकी तिथे. बोटीवर सहा जण होते. चौघे पहिल्या दोन तासांत मिळाले. मग बराच वेळ एकच ठोका येत राहिला, दीपराज कोयंडे ह्या नावाचा. बचावबोट सगळं सोडून त्याच्या मागे गेली. लाटा इतक्या होत्या की तिथवर पोचायला तिला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. डिझेलच्या रिकाम्या कॅनला मिठी मारून तिथे जो सापडला तो दीपराज नव्हता. तो होता लवू तारी, त्याचा जिवलग मित्र.

"दीपराज तुझ्याजवळ होता का?" असं सगळ्यांनी विचारलं. लवू म्हणाला, "हातभर लांब होतो. मगे दिसाक नाय." अहवालात तेच लिहिलं गेलं. दोघे जवळजवळ होते, एक बुडाला, एक वाचला. मलाही त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही.

तीन महिन्यांनी आम्ही त्याच उतारावर नऊशे मीटर खोल केबल टाकली, अंधारमोऱ्यांच्या अभ्यासासाठी. केबल चालू केली त्या सकाळी मी आमच्या संशोधन केंद्रात चहा गाळत होते. दार इतक्या जोरात उघडलं की चहा ओट्यावर सांडला. दारात हेमांगी उभी होती, दीपराजची बायको. पायात चप्पल नाही, एका हातात फोन, कडेवर वर्षाची ओवी. लिलाव टाकून ती धावत आली होती.

"बाई, ह्यो बघा मेसेज. जिवंत म्हणता. खंय आसा तो? चला, होडी काढूया."

फोनवर लिहिलं होतं: 'दीपराज कोयंडे. ठोके मिळाले. स्थिती: जिवंत. खोली: नऊशे बारा मीटर.'

केबल योजनेच्याच संगणकाला जोडलेली होती, आणि गाळणीने आपलं काम चोख केलं होतं. नोंदीतला ठोका ऐकला, निरोप पाठवला. खोली किती असली म्हणजे माणूस जिवंत नसतो, हे तिला सांगायचं मला सुचलंच नव्हतं. मी स्पीकर लावला आणि खोलीत ते भरून राहिलं: धप्-धप्, धप्-धप्, मिनिटाला बहात्तर. हेमांगी खाली बसली. ओवीने स्पीकरवर हात ठेवला आणि ती हसली.

आठवड्याने आम्ही लाल दिव्याचा कॅमेरा खाली सोडला. लाल प्रकाश त्या जिवांना दिसत नाही. नऊशे मीटरवर एका मोकळ्या जागेभोवती चाळीस-पन्नास अंधारमोऱ्या कडं करून होत्या. कोणी पोहत नव्हतं. सगळ्यांच्या शेपट्या एकाच वेळी बारीक थरथरत होत्या, मिनिटाला बहात्तर. कड्याच्या मध्ये काहीच नव्हतं, नुसतं पाणी.

उलगडा व्हायला वर्ष गेलं. अंधारमोरीच्या शेपटीत वीज सोडणारा एक छोटासा अवयव असतो. रात्री ती शिकारीसाठी पाण्याच्या वरच्या थरापर्यंत येते. ज्याच्याजवळ जायचं त्याचा ठोका ती आधी ऐकते आणि मग स्वतःच्या शेपटीने हुबेहूब तसाच वाजवते. तिथे इतका मिट्ट काळोख असतो की जवळ आलेला आपल्यासारखाच वाजला तर तो आपलाच वाटतो. माकूळ पळत नाही, खेकडा दचकत नाही. एकदा शिकलेला ठोका ती विसरत नाही. पिल्लं आईच्या पोटातच तो ऐकतात आणि जन्मतात ती वाजवतच. त्या कड्यातल्या अर्ध्या मोऱ्या वादळानंतर जन्मलेल्या होत्या. त्यांनी माणूस कधी पाहिलाही नव्हता.

हे सगळं मी हेमांगीला दहा वेळा समजावलं. "ती नक्कल आहे. तो बुडताना त्यांनी ऐकलं आणि उचललं."

"नक्कल कशी असात? ठोको तर तेचोच ना? तुमचो कंप्युटर सांगता."

संगणक तेच सांगत होता.

दीपराजचं क्रियाकर्म झालंच नाही. त्याची आई, चंद्रभागाकाकी, भटजींना दारातूनच म्हणाल्या, "काळीज चलता तेचे दिवस घालूक सांगतास?" हेमांगीच्या कपाळावर कुंकू राहिलं. रोज लिलाव आटोपला की ती माशांची पाटी बाहेर ठेवून, हात धुऊन आत यायची आणि अर्धा तास स्पीकरसमोर बसायची. कधी घरातलं सांगायची, ओवीला दात आले, शेजाऱ्यांनी कुंपण आत सरकवलं. समुद्रातून उत्तर यायचं ते एकच. मी पाठ करून काम करत राहायचे. खरं सांगते, मला तिथून पळून जावंसं वाटायचं.

लवू मात्र केंद्राच्या आसपास फिरकत नसे. तो समुद्रावर जायचा थांबला आणि बर्फाच्या कारखान्यात परत लागला. वादळाच्या फेरीलाच तो पहिल्यांदा बोटीवर गेला होता, कोणीतरी आजारी पडलं म्हणून आयत्या वेळची बदली, त्यामुळे त्याची नोंद झालेली नव्हती. कोयंड्यांच्या घराची कौलं तो शाकारायचा, काकींची औषधं आणायचा, ओवीला खांद्यावर घेऊन फिरायचा. तीन वर्षं. ओवी त्याला "लवूबाबा" म्हणायला लागली तेव्हा वाडीत कुजबुज झाली, पण ती वाईट कुजबुज नव्हती. वाडीत बाईने दुसरं घर करायला आडकाठी नसते. हेमांगीलाही तो आवडायचा. ते मला दिसत होतं आणि तिलाही कळत होतं.

"माका लवू नको असा नाय बाई," ती एकदा स्पीकरकडे बघत म्हणाली. "पण ह्यो चालू आसा. मी दुसऱ्याच्या घरात जेवण रांधूचा आणि ह्येना थय वाजत ऱ्हवाचा?"

२०४५च्या जानेवारीत पत्र आलं. अभ्यासाची मुदत संपली होती, महिनाअखेर केबल उचलायची होती. मी ते हेमांगीला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी काकीच आल्या, प्रथमच.

"गाराणा घालूचा आसा," त्या म्हणाल्या. "केबल काढूच्या आधी. माझ्या झिलाक इचारून घेवया, लवूक घरात घेवचा काय नाय ता."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मांडायचं, आणि बरोबरच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. देवळातलं गाऱ्हाणं मी बघितलं होतं. स्पीकरपुढचं कधी बघेन असं वाटलं नव्हतं. वैज्ञानिक म्हणून मी नाही म्हणायला हवं होतं. मी खुर्च्या बाजूला सरकवल्या.

शनिवारी अकराच्या सुमाराला तिघं आली. काकींनी स्पीकरसमोर पाट मांडला, त्यावर नारळ, विडा, तांदूळ. लवू दाराशीच थांबला होता. चाळिशीही न गाठलेला माणूस, पण दाढी पांढरी पडलेली. मी स्पीकर लावला तसा तो भिंतीला टेकला.

"दोघांनी समुद्राच्या पाण्यात हात ठेवूक व्हये," काकी म्हणाल्या. "पाण्यात हात ठेवन खोटा बोलाक जमणा नाय."

केंद्रात समुद्राचं पाणी भरलेला एक पसरट टब होता. शाळेच्या सहली आल्या की मुलं आधी पट्टा बांधून नोंद करायची, मग त्यात दोन्ही हात बुडवायची आणि समोरच्या पडद्यावर आपला ठोका बघून किंचाळायची. टबाच्या तळाशी तीच जेली, मागे तोच संगणक, तीच गाळणी. पाणी म्हणून मी तोच टब पुढे ओढला. माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं.

हेमांगीने हात बुडवले. पडदा कोराच राहिला, तिची नोंद कुठे होती? काकींनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली:

"बा समुद्रा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या दारात इली हत म्हाराजा..."

"होय म्हाराजा," हेमांगी म्हणाली. मी पण पुटपुटले.

"माझो झील तू तुझ्यापाशी ठेवलंस, तेची तक्रार नाय म्हाराजा. पण तेची बायल आणि चेडू हय एकटी पडली, तेंचो काय तो निकाल तेच्याच तोंडान दी म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"लवू, हात घाल."

लवू पुढे आला. हात घालायच्या आधी त्याने टबाकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे. त्याला टब म्हणजे काय ते ठाऊक होतं, हे मला त्या क्षणी कळलं. अडवायला हवं होतं की नको, ह्याचा विचार मी आजही करते. हेमांगीने हात बाहेर काढून त्याला जागा दिली आणि त्याने दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले.

पडदा उजळला. खोलीत हेमांगीचा फोन वाजला.

तिने ओल्या हाताने फोन काढला आणि वाचला. मग तो माझ्यापुढे धरला. 'दीपराज कोयंडे. ठोके मिळाले. स्थिती: जिवंत. खोली: शून्य मीटर.'

काकींचं गाऱ्हाणं अर्ध्यावर थांबलं. स्पीकरमधून नऊशे मीटरवरचं धप्-धप् येत होतं. टबाचं धप्-धप् त्याहून जलद होतं, लवूची छाती धडधडत होती. आकार एकच.

"ह्या काय?" हेमांगीने विचारलं, मला नाही, लवूला.

लवूने हात पाण्यातच ठेवले. बोलताना त्याचा आवाज मात्र स्थिर होता, तीन वर्षं तो हेच मनात बोलत आला असणार.

"ओवी झाली तो दिवस, वैनी. शिबिर होता. सगळे खलाशी बसल्याशिवाय बोटीक परवानगी नाय. दीपराज तुझ्यापाशी हॉस्पिटलात होतो. माका फोन केल्यान, 'माझ्या नावार तू बस, दोन मिन्टांचा तर काम आसा.' मी बसलंय. कोण बघता? सगळेच कोणाच्या ना कोणाच्या जागेर बसलेले."

मग त्याने काकींकडे बघितलं.

"वादळात तो माझ्याजवळ नव्हतो. खोटा सांगितलंय मी. बोट उलटली तेव्हाच आमी लांब गेलो. रात्रभर माझ्या पायांक थंड नाका लागत होती, बारीक बारीक, शंभरेक. चावत नव्हती. नुसती लागत होती आणि ऐकत होती. दुसऱ्या दिवशी बोट इली तेंव्हा वरून हाक मारल्यानी, 'दीपराज! दीपराज कोयंडे!' तेव्हा माका समाजला, मी कोणाच्या नावान वाचलंय ता."

काकी पाटाशेजारी खाली बसल्या. हेमांगी त्याच्या पाण्यातल्या हातांकडे बघत होती.

"ह्यो लवूचो," ती शेवटी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मगे माझ्या घोवाचो ठोको खंय, बाई?"

तिने विचारलं आणि मला उत्तर त्याच क्षणी कळलं. दीपराजचा खरा ठोका कोणत्याच नोंदीत नव्हता. नोंदीत नसलेलं सगळं मी कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं.

कचरा पुसलेला नव्हता, नुसता बाजूला ठेवलेला होता. मी त्या रात्रीची डब्यांची फाईल काढली आणि गाळणी बंद केली. पडद्यावर हजारो रेघा आल्या. माशांच्या, कासवांच्या काढून टाकत गेले तशी एक उरली. एकशे चाळीस नंबरच्या डबीने संध्याकाळी सात वीसपासून एका माणसाचं हृदय ऐकलं होतं. संगणकाने त्याच्यापुढे 'अनोळखी' असं लिहून ते टाकून दिलं होतं. ते चार तास दहा मिनिटं चाललं. नऊच्या सुमाराला बचावबोट त्याच्यापासून पाचशे मीटरवरून गेली होती, दीपराजला शोधत.

हे सगळं मी तिला सांगितलं. लपवायचं जेवढं होतं तेवढं लवूने एकट्याने तीन वर्षं लपवलं होतं, आता त्यात माझी भर नको होती. गाळणी माझी होती, हेही सांगितलं.

"वाजवा," हेमांगी म्हणाली.

"शेवटचा भाग नको ऐकूस."

"शेवटचोच वाजवा."

आम्ही चौघांनी ते ऐकलं. तो ठोका लवूच्या ठोक्यासारखा नव्हता, जरा अडखळत चालायचा, प्रत्येक चौथ्याला किंचित उशीर. काकी एकदम म्हणाल्या, "लहानपणापासना तसोच. मी छातीक कान लावन बघी." मग उशीर वाढत गेला. मग नुसती समुद्राची खरखर राहिली. काकींनी पदर तोंडात कोंबला. हेमांगीने डोळेसुद्धा पुसले नाहीत.

"आता खालचा," ती म्हणाली. "केबलीचा. ती चाळण काढून."

मला ते नको होतं, कारण काय निघेल ते मला ठाऊक होतं. मी केबलची गाळणी काढली आणि तो अडखळणारा आकार शोधायला सांगितला. संगणकाला चार सेकंद लागले. लवूच्या कड्याच्या दक्षिणेला बारा किलोमीटरवर, एक हजार चाळीस मीटर खोल, अंधारमोऱ्यांचं दुसरं कडं होतं. धप्-धप्, धप्-धप्, धप्-धप्, आणि चौथ्याला किंचित उशीर. तीन वर्षं ते वाजत होतं. ती ह्या खोलीत बसून दुसऱ्याच्याच ठोक्याशी बोलत होती, आणि तिच्या नवऱ्याचा ठोका मी रोज कचऱ्यात टाकत होते.

पडद्यावर चौकट आली: 'अनोळखी ठोके. नाव द्यायचं?'

मी कळफलकावर हात ठेवला. दीपराजला त्याचं नाव देणं एवढं तरी माझ्याकडून व्हावं, असं वाटलं. हेमांगीने माझं मनगट धरलं.

"नाव देव नकात. नाव दिलास की परत मेसेज येतलो."

"पण हा खरंच त्याचा आहे."

"तेचो आसा. पण तो न्हय." तिने लवूकडे बोट केलं. "ह्यो हय उभो आसा, जित्तो. आणि ह्येचो ठोको थय खाली वाजता. म्हणजे ठोको वाजता म्हणान माणूस असता असा नाय. तुमी तीन वर्सा सांगत होतास, माका आज समाजला."

मी दहा वेळा समजावून जे झालं नव्हतं ते टबातल्या दोन हातांनी केलं होतं.

मग ती लवूपुढे जाऊन उभी राहिली. तो मार खायच्या तयारीने उभा होता.

"तू तेच्या जागेर बसलंस, तेव्हा तो उठलेलो जावक," ती म्हणाली. "शिबिराक जातंय म्हणत होतो. मीच हात धरून ठेवलंय. जाव नको म्हटलंय." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "आता तुझा नाव लाव. तुझ्या ठोक्याक तुझा नाव लाव आधी."

केबलीवरून निरोप जायची सोय मी आधी बंद केली, मग लवूला खुर्चीत बसवलं, छातीला पट्टा बांधला. नाव: लवू शंकर तारी. गाव: कातळवेळ. त्याचा ठोका त्याच्या नावावर चढला तशी जुनी नोंद रिकामी झाली आणि हेमांगीचा फोन पुन्हा वाजला: 'दीपराज कोयंडे. ठोके नाहीत.' तिने तो वाचला आणि पाटावर पालथा ठेवला.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो, निरोप कोणाला पाठवायचा. लवूला आईवडील नाहीत, भाऊ नाही. मी रकाना सोडून पुढे जाणार, तेवढ्यात हेमांगीने स्वतःचा नंबर सांगितला, सावकाश, एकेक आकडा.

काकींनी पाटावरचा नारळ उचलला. "ह्यो आता दुसऱ्या कामाक लागतलो," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी पुळणीच्या वाळूत भटजींनी दर्भाचा माणूस केला, त्याच्या छातीशी तो नारळ ठेवला. अग्नी कोण देणार असा प्रश्न निघाला तेव्हा काकी लवूला म्हणाल्या, "तू दी. तेच्या नावान वाचलंस, आता तेच्या नावान ह्या कर." लवू लहान मुलासारखा रडला आणि त्याने अग्नी दिला. हेमांगीने कुंकू पुसलं नाही. समुद्राकडे पाठ करून ती ओवीचे केस विंचरत बसली होती. गर्दीतून मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं.

केबल उचलली गेली नाही. मीच वर लिहून मुदत वाढवून घेतली. योजनेच्या संगणकावर गाळणीचा नवा नियम चढला: अनोळखी असला तरी माणसाचा ठोका टाकायचा नाही. नोंदणीही सगळ्या किनाऱ्यावर नव्याने झाली. त्या शिबिरात मी स्वतः दाराशी उभी राहून प्रत्येकाचं तोंड बघितलं. लवू आता बोटीवर जातो. हेमांगी स्पीकर ऐकायला येत नाही. लिलावाच्या ओट्यावर भेटते, मासे न खाण्यावरून मला चिडवते.

एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. गाळणी काढल्यावर केबलमधून आणखीही ठोके यायला लागले, माणसांचेच. उताराच्या कडेने उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत कडीच कडी आहेत. मोऱ्या पिल्लांना शिकवतात, पिल्लं त्यांच्या पिल्लांना. आमच्या डब्या येण्याआधी, बोटींना इंजिनं येण्याआधी बुडालेले किती असतील, कोण सांगणार? काही ठोके इतक्या पिढ्यांतून आलेत की त्यांच्या आकाराच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत. एक फारच जलद आहे, मिनिटाला एकशे वीसच्या वर. तो लहान मुलाचा असावा.

रोज सकाळी संगणक चालू केला की चौकटी येतात. 'अनोळखी ठोके. नाव द्यायचं?' हेमांगीच्या नवऱ्याचा धरून सतरा. मी सतरा वेळा 'नाही' दाबते आणि मग चहा ठेवते.